एकसारख्या दिसणाऱ्या डासांची जात डीएनएवरून कशी ओळखतात?

अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीस हा डास भारताच्या ग्रामीण भागातील हिवतापाचा, म्हणजेच मलेरियाचा, प्रमुख वाहक मानला जातो. देशातील हिवतापाच्या सुमारे ६० ते ६५ टक्के रुग्णांमागे हाच डास असावा, असा अंदाज अनेक वर्षे दिला जात आला आहे. मात्र क्युलिसिफेसीस या एका नावाखाली प्रत्यक्षात पाच वेगवेगळ्या जाती मोडतात आणि त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी नुसती अक्षरे दिलेली आहेत. पंखांवरचे काळे-पांढरे ठिपके, सोंडेलगतच्या पाल्पवरचे पट्टे, पायांवरचे खवले यांपैकी कोणत्याही खुणेवरून या पाच जाती खात्रीने वेगळ्या काढता येत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेली ‘ए’ जातीची मादी आणि ‘बी’ जातीची मादी अनुभवी कीटकशास्त्रज्ञालाही सारखीच दिसते. तरीही हिवतापाच्या दृष्टीने दोघींत मोठा फरक आहे. ‘बी’ ही अत्यंत कमकुवत वाहक आहे आणि ती जेथे बहुसंख्येने आढळते, त्या पूर्व उत्तर प्रदेश आणि उत्तर बिहारसारख्या प्रदेशात डास भरपूर असूनही हिवताप कमी राहिला. उरलेल्या चारही जाती रोगाचा प्रसार करतात.

अशा दिसायला एक आणि वागायला निराळ्या जातींना भगिनी-जाती म्हणतात, तर त्यांच्या गटाला जातिसमूह असे म्हटले जाते. जगात अ‍ॅनोफिलीस वंशाच्या सुमारे ५०० जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी माणसांत हिवताप पसरवण्याचे मोठे काम साधारण ४० जाती करतात आणि यातील अनेक महत्त्वाच्या वाहक जाती नेमक्या अशाच जातिसमूहांत दडलेल्या आहेत. त्यामुळे डास पकडून ‘हा अ‍ॅनोफिलीस अमुक’ एवढेच सांगणे पुष्कळदा अपुरे ठरते. कोणत्या डासावर औषध फवारायचे, घरात फवारायचे की अळ्यांच्या पाण्यात टाकायचे आणि कोणते कीटकनाशक वापरायचे, हे सारे निर्णय त्या दडलेल्या जातीवर अवलंबून असतात. एक उदाहरण पुरेसे आहे. ‘ए’ आणि ‘बी’ एकत्र राहतात अशा भागात केलेल्या अभ्यासांत ‘ए’ जातीचे डास डीडीटीने ‘बी’पेक्षा अधिक प्रमाणात मरतात असे दिसून आले. दोन्ही जाती एकाच नावाने मोजल्या, तर चाचणीत वाचलेले डास पाहून ‘डीडीटी आता निरुपयोगी झाले’ असा निष्कर्ष निघू शकतो. प्रत्यक्षात वाचलेले डास बहुतांशी रोग न पसरवणाऱ्या जातीचे असण्याची शक्यता राहते.

हा प्रश्न डीएनएची रचना ठाऊक होण्याच्याही आधीचा आहे. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे अ‍ॅनोफिलीस डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीचे कोष सापडले आणि पाठोपाठ इटलीत जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रास्सी यांनी माणसाचा हिवताप अ‍ॅनोफिलीसमुळेच पसरतो हे दाखवून दिले. त्यानंतर लवकरच युरोपातील संशोधकांपुढे एक कोडे उभे राहिले: काही प्रदेशांत अ‍ॅनोफिलीस मॅक्युलिपेनिस मुबलक होता, पण हिवतापाचा पत्ता नव्हता. त्याचा उलगडा १९२० आणि १९३०च्या दशकांत झाला. डोमेनिको फालेरोनी या इटालियन आरोग्य अधिकाऱ्याने १९२६ साली या डासाच्या अंड्यांवरच्या नक्षीत ठरावीक प्रकार आहेत हे नोंदवले. एका मादीची सारी अंडी एकाच नक्षीची असत, आणि त्या नक्षीनुसार मादीच्या सवयीही बदलत. मॅक्युलिपेनिस हा एक डास नसून अनेक जातींचा समूह निघाला. त्यांतील काही जाती प्रामुख्याने गुरांचे रक्त पीत, तर काही माणसांना चावत. प्रौढ डास जे सांगत नव्हता ते अंड्याने सांगितले. पण ही सोय प्रत्येक समूहात उपलब्ध नाही. बहुतेक समूहांत अंडीही सारखीच असतात.

डीएनए चाचण्या येण्यापूर्वी

पुढची काही दशके संशोधकांनी दोन मार्ग वापरले. पहिला मार्ग संकराचा होता. दोन ठिकाणचे डास प्रयोगशाळेत वाढवून त्यांचे मीलन घडवायचे आणि संतती पाहायची. आफ्रिकेतील अ‍ॅनोफिलीस गॅम्बिए या नावाखाली अनेक जाती असल्याचे १९६०च्या दशकात अशाच प्रयोगांतून पक्के झाले, कारण काही जोड्यांपासून होणारे नर निर्बीज निघत. ही कसोटी जीवशास्त्राच्या दृष्टीने भक्कम आहे, परंतु शेतातून वा गोठ्यातून पकडलेल्या शेकडो डासांची जात तिच्याने ठरवता येणार नाही हे उघड आहे.

दुसरा मार्ग गुणसूत्रांचा होता. अ‍ॅनोफिलीस मादीच्या अंडाशयातील पोषक पेशींत गुणसूत्रांच्या असंख्य प्रती एकमेकींना चिकटून राहतात आणि त्यामुळे ती इतकी जाड होतात की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवरचे आडवे पट्टे मोजता येतात. गुणसूत्राचा एखादा तुकडा उलटा होऊन पुन्हा जोडला गेला असेल, तर त्या भागातील पट्ट्यांचा क्रम उलट दिसतो. आगगाडीचे मधले चार डबे सोडवून उलट्या क्रमाने जोडावेत, तसा. याला गुणसूत्राचे व्युत्क्रमण म्हणतात. मारियो कोलुझ्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅम्बिए समूहाचा, तर दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्युलिसिफेसीस आणि फ्लुविएटिलिस या समूहांचा अभ्यास याच पद्धतीने पुढे नेला. भारतातील भगिनी-जातींविषयी आज जे ठामपणे माहीत आहे, त्याचा पाया या पट्ट्यांच्या वाचनाने घातला गेला.

या पद्धतीच्या अडचणीही तितक्याच ठोस होत्या. गुणसूत्रे वाचण्यायोग्य अवस्थेत मिळण्यासाठी मादीच हवी, तिने रक्त प्यायलेले हवे आणि तिची अंडी अर्धवट वाढलेली हवीत. काही तास आधी वा नंतर तीच मादी निरुपयोगी ठरते. नर, अळ्या, उपाशी माद्या आणि वाळलेले नमुने बाजूला पडतात. क्युलिसिफेसीसच्या ‘ई’ जातीची कथा तर या अडचणीचे टोक दाखवते. रामेश्वरम बेटावर ‘बी’ जातीसारख्याच पट्ट्यांचे डास आढळत होते, पण तेथे हिवतापही पसरत होता, म्हणजे रोग न पसरवणारी जात येथे रोग पसरवत असल्यासारखे दिसत होते. अखेर १९९९ साली ‘ई’ ही वेगळी जात जाहीर झाली. ‘बी’ आणि ‘ई’ यांच्यातील खात्रीचा फरक माद्यांत नव्हता, तो नरांच्या वाय गुणसूत्राच्या आकारात होता. म्हणून पकडलेल्या मादीची जात कळण्यासाठी तिला अंडी घालू द्यायची, अळ्या वाढवायच्या आणि तिच्या मुलग्यांचे वाय गुणसूत्र तपासायचे, असा लांबचा प्रवास करावा लागे.

पायाच्या एका तुकड्यातून

डीएनए चाचणीचे पहिले मोठे मोल असे की तिला यांपैकी कशाचीही अट नाही. नर असो की मादी, अळी असो की कोष, काल पकडलेला असो की सिलिका जेलच्या नळीत महिनोन्महिने कोरडा ठेवलेला असो, प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो. डासाचा एक पाय किंवा पंखाचा तुकडा पुरतो. उरलेले शरीर इतर तपासण्यांसाठी मोकळे राहते: डोके आणि छातीत लाळग्रंथी असतात, म्हणून तेथे हिवतापाचे परजीवी शोधले जातात, आणि पोटात रक्त असेल तर ते माणसाचे की जनावराचे हे पाहिले जाते. एकाच डासाविषयी ‘हा कोण, याने कोणाचे रक्त प्यायले आणि याच्या लाळेत परजीवी होते का’ या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यामुळे एकत्र मिळतात. माझ्या मते या पद्धतींचे खरे सामर्थ्य या एकत्र येण्यात आहे, कारण जातीचे नाव एकटे फारसे उपयोगी नसते. त्या जातीचे वर्तन त्याच डासाशी जोडता आले, तरच नियंत्रणाच्या कामी येते.

चाचणीचे यंत्र म्हणजे पीसीआर. कॅरी मुलिस यांनी १९८३ साली शोधलेल्या आणि १९९३ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळवून देणाऱ्या या प्रक्रियेत डीएनएच्या एका निवडक तुकड्याच्या अगणित प्रती तयार होतात. पायाचा तुकडा द्रावणात कुटून त्यातून डीएनए मोकळा केला जातो आणि त्याचे काही थेंब एका लहान नळीत घेतले जातात. तीत डीएनएचे सुटे घटक (डीएनएचा क्रम ज्यांनी लिहिलेला असतो ती त्याची ‘अक्षरे’), प्रती जोडणारे एन्झाइम आणि प्रायमर नावाचे वीसेक अक्षरांचे छोटे डीएनए तुकडे मिसळले जातात. नळी सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की डीएनएचे दोन्ही धागे सुटतात. ५० ते ६० अंशांपर्यंत थंड केली की प्रायमर आपापल्या जुळणाऱ्या जागी चिकटतात. ७२ अंशांवर एन्झाइम तेथून पुढे नवा धागा विणत जाते. हे एक आवर्तन. दर आवर्तनाला तुकड्यांची संख्या दुप्पट होते आणि तत्त्वतः ३० आवर्तनांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होतात. उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूपासून मिळालेले एन्झाइम एवढी उष्णता सोसते म्हणून हे सारे एकाच नळीत, यंत्रावर सोपवून, काही तासांत पार पडते.

यात जात ओळखण्याची किल्ली प्रायमरमध्ये आहे. प्रायमर डीएनएवर जेथे अक्षरे जुळतील तेथेच चिकटतो. विशेषतः त्याच्या टोकाचे शेवटचे अक्षर जुळले नाही तर एन्झाइमला पुढे काम सुरू करता येत नाही. हा चोखंदळपणा वापरून असे प्रायमर बनवता येतात की जे ‘ए’ जातीच्या डीएनएवर चिकटतील आणि ‘बी’च्या डीएनएवर चिकटणार नाहीत. डासांच्या जातींतील एका अक्षराचा फरकही अशा रीतीने ‘तुकडा तयार झाला’ किंवा ‘झाला नाही’ या ढोबळ उत्तरात उतरवता येतो.

गॅम्बिए समूहासाठी स्कॉट, ब्रॉग्डन आणि कॉलिन्स यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेली चाचणी या कल्पनेचे उत्तम उदाहरण आहे आणि अनेक वर्षे आफ्रिकेतील प्रयोगशाळांत ती नित्याची राहिली. तीत एका बाजूचा प्रायमर समूहातील साऱ्या जातींना सामाईक आहे; दुसऱ्या बाजूला मात्र जातवार वेगळे प्रायमर असून ते सारे एकाच नळीत असतात. हे जातवार प्रायमर सामाईक प्रायमरपासून कमी-अधिक अंतरावर चिकटतात, त्यामुळे तयार होणाऱ्या तुकड्याची लांबी जातीनुसार बदलते: क्वाड्रिअ‍ॅन्युलेटससाठी १५३ बेस जोड्या (म्हणजे डीएनएच्या दुहेरी धाग्यावरील अक्षरांच्या जोड्या), अरेबिएन्सिससाठी ३१५, गॅम्बिएसाठी ३९०, आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या मेलास व मेरस या दोघींसाठी सुमारे ४६५.

लांबी मोजण्यासाठी नळीतील द्रावण अगारोज जेलच्या पातळ वडीला पाडलेल्या खाचांत सोडतात आणि वडीतून वीजप्रवाह जाऊ देतात. डीएनएवर ऋण प्रभार असल्याने तो धन टोकाकडे सरकतो. लहान तुकडे जेलच्या जाळीतून लवकर पुढे जातात, मोठे मागे रेंगाळतात. साधारण तासाभराने डीएनएला चिकटणारा रंग लावलेली वडी अतिनील प्रकाशात धरली की अंधारात उजळ पट्ट्या दिसतात. एका कडेच्या खाचेत ज्ञात लांबीच्या तुकड्यांचे मिश्रण असते, एका खाचेत खात्रीच्या गॅम्बिएचा डीएनए, एकीत अरेबिएन्सिसचा आणि एकीत डीएनएऐवजी नुसते पाणी. या पाण्याच्या खाचेवर तपासनिसाची नजर आधी जाते. तेथे पट्टी उमटली असेल, तर कोठेतरी एका नमुन्याचा डीएनए दुसऱ्यात मिसळला आहे आणि संपूर्ण वडीवरचे निकाल बाद करून चाचणी पुन्हा करावी लागते. पाण्याची खाच कोरी असेल, तरच इतर खाचांतल्या ३१५ आणि ३९०च्या पट्ट्यांना अर्थ उरतो.

मेलास आणि मेरस यांची पट्टी जवळजवळ एकाच जागी येते, हा या चाचणीतला दोष वाटेल. व्यवहारात त्याचा त्रास होत नाही, कारण मेलास आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि मेरस पूर्वेकडे आढळते. नमुना कोठून आला हे नळीवर लिहिलेले असले की प्रश्न सुटतो.

डीएनएची कोणती जागा वाचायची?

या विषयातला सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत रंजक भाग येथे सुरू होतो. गॅम्बिए डासाचा संपूर्ण जनुकसंच २००२ साली वाचला गेला. तो कोट्यवधी अक्षरांचा आहे. त्यातील कोणत्याही जागेवर बोट ठेवून जात सांगता येत नाही. ज्या जागा जीवनावश्यक आहेत त्या सर्व जातींत जवळपास सारख्या असतात. ज्या जागा फार वेगाने बदलतात त्या एकाच जातीच्या दोन डासांतही वेगळ्या निघतात. हवी असते ती अशी जागा की जी जातीच्या आत एकसारखी आणि जातीजातींत वेगळी असेल.

रायबोसोमल डीएनए हा या कामी लोकप्रिय ठरला त्याची कारणे त्याच्या रचनेत आहेत. पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमसाठी लागणारी जनुके डासाच्या पेशीत शेकडो प्रतींच्या रांगेत असतात. ही जनुके स्वतः फारशी बदलत नाहीत, पण त्यांच्या मधल्या जोडपट्ट्या वेगाने बदलतात. शिवाय एका जातीतील शेकडो प्रती कालांतराने एकमेकींशी सारख्या होत जातात. म्हणजे चिकटण्यासाठी स्थिर जागा, ओळखण्यासाठी बदलती जागा आणि एका पायातून पुरेसा डीएनए मिळण्यासाठी भरपूर प्रती, या तिन्ही गरजा एकाच ठिकाणी भागतात. यातील आयटीएस-२ नावाची जोडपट्टी आणि २८ एस जनुकातील डी-३ हा भाग अ‍ॅनोफिलीसच्या अभ्यासात वारंवार वापरला जातो.

तरीही एकाच जागेचे उत्तर प्रत्येक समूहात सारखे येत नाही. फ्लुविएटिलिस समूहात एस, टी आणि यू अशा जाती आहेत. त्यांतील ‘एस’ माणसाचे रक्त पसंत करणारी आणि ओडिशासारख्या डोंगराळ, जंगली भागांत प्रभावी वाहक आहे, तर ‘टी’ आणि ‘यू’ गुरांकडे वळणाऱ्या आहेत. डी-३ भागातील फरकांवर आधारलेली पीसीआर चाचणी या तिघींना वेगळे करते. तोच भाग क्युलिसिफेसीसमध्ये वापरला तर ‘ए’ आणि ‘डी’ एका बाजूला आणि ‘बी’, ‘सी’ व ‘ई’ दुसऱ्या बाजूला पडतात, त्यापुढे विभागणी होत नाही. आयटीएस-२चे उत्तरही असेच दोन गटांत थांबते. रोग न पसरवणारी ‘बी’ आणि रोग पसरवणारी ‘ई’ एकाच गटात उरणार असतील, तर ज्या कामासाठी चाचणी केली तेच अर्धवट राहते. म्हणून भारतीय संशोधकांनी २००६ साली मायटोकॉन्ड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, स्वतःचा वेगळा डीएनए असलेल्या भागातील) सीओ-२ जनुकावर आधारलेली दोन टप्प्यांची पद्धत मांडली: पहिल्या पीसीआरमध्ये गट ठरवायचा आणि दुसऱ्यात त्या गटातील जात. वाय गुणसूत्रासाठी मादीची मुले वाढवण्यापेक्षा ही वाट कितीतरी जवळची आहे.

मग सर्वत्र मायटोकॉन्ड्रियाच का वापरू नये? प्राण्यांच्या जाती ओळखण्यासाठी मायटोकॉन्ड्रियातील सीओ-१ जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा डीएनए बारकोड म्हणून २००३ सालापासून जगभर वापरला जातो, आणि दूरच्या नात्यातील डासांसाठी तो उत्तम आहे. गॅम्बिए समूहात मात्र तो फसतो. गॅम्बिए आणि अरेबिएन्सिस यांच्यात क्वचित संकर होतात. संकरातून झालेले नर निर्बीज असले तरी माद्या प्रजननक्षम असतात. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येत असल्याने अशा माद्यांमार्फत एका जातीचा मायटोकॉन्ड्रिया दुसऱ्या जातीत शिरतो आणि पिढ्यानपिढ्या टिकतो. परिणामी दोन्ही जातींत तेच क्रम आढळतात आणि बारकोड त्यांना वेगळे करू शकत नाही. २०१५ साली या समूहाच्या संपूर्ण जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा हे मिश्रण केवळ मायटोकॉन्ड्रियापुरते नाही हे स्पष्ट झाले. बहुतांश गुणसूत्रांवर जातींमधील देवाणघेवाणीच्या खुणा होत्या आणि जातींचे मूळ नाते प्रामुख्याने एक्स गुणसूत्राने जपले होते. गॅम्बिए आणि अरेबिएन्सिस यांचा रायबोसोमल डीएनए एक्स गुणसूत्रावरच असतो, ही गोष्ट १९९३च्या चाचणीला अनुकूल ठरली. त्याचाच दुसरा परिणामही ध्यानात ठेवायला हवा. संकरित मादीत दोन्ही पालकांची एक्स गुणसूत्रे असल्याने तिच्यात ३१५ आणि ३९० अशा दोन्ही पट्ट्या दिसतात. संकरित नराला मात्र एक्स केवळ आईकडून मिळते, म्हणून तो आईच्या जातीचा शुद्ध नर असल्यासारखाच निकाल देतो.

गॅम्बिएचीच आणखी एक फोड २०१३ साली औपचारिक झाली. ज्यांना आधी ‘एम’ आणि ‘एस’ प्रकार म्हणत, त्यांतील ‘एम’ला अ‍ॅनोफिलीस कोलुझ्झी हे स्वतंत्र नाव मिळाले. या दोघींची पट्टी वरील चाचणीत ३९०वरच येते. त्यांना वेगळे करण्याची एक सुटसुटीत रीत एक्स गुणसूत्रावरील उडत्या जनुकखंडाची आहे. कोलुझ्झीमध्ये एका ठरावीक जागी सुमारे २३० अक्षरांचा असा खंड येऊन बसलेला आहे, तर गॅम्बिएमध्ये ती जागा मोकळी आहे. त्या जागेच्या दोन्ही बाजूंना प्रायमर लावले की कोलुझ्झीचा तुकडा ४७९ आणि गॅम्बिएचा २४९ बेस जोड्यांचा येतो. एका अक्षराच्या फरकावर विसंबण्यापेक्षा एवढा मोठा फरक वाचणे अधिक निर्धोक असते, कारण प्रायमर अर्धवट चिकटल्याने होणारी गफलत येथे टळते.

नाव चुकले की काय होते

दक्षिण आफ्रिकेने १९९६ साली घरांच्या भिंतींवर डीडीटीऐवजी डेल्टामेथ्रिन हे पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक फवारण्यास सुरुवात केली. पुढील वर्षांत रुग्णसंख्या वेगाने वाढली आणि २००० साली ती ६० हजारांच्या पुढे गेली. या काळात क्वाझुलू-नाताल प्रांतात फवारलेल्या घरांतून फ्युनेस्टस गटाचे डास बाहेर पडताना सापडले. फ्युनेस्टस गटातही एकमेकींसारख्या दिसणाऱ्या अनेक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक घराबाहेर राहणाऱ्या, गुरांवर जगणाऱ्या आणि हिवतापाशी फारसा संबंध नसलेल्या आहेत. डीएनए चाचणीने हे डास खुद्द फ्युनेस्टस असल्याचे दाखवले, म्हणजे पूर्वीच्या डीडीटी फवारणीने त्या भागातून नाहीशी झालेली, घरात विसावणारी आणि माणसांना चावणारी जात परतली होती. ती पायरेथ्रॉइडला दाद देत नव्हती, पण डीडीटीने मरत होती. २००० साली डीडीटीची फवारणी पुन्हा सुरू झाली. त्या डासांना गटातील निरुपद्रवी जात समजून दुर्लक्षिले गेले असते, तर कारण शोधण्यात आणखी हंगाम वाया गेले असते.

उलट दिशेची चूकही घडते, आणि तिचे मूळ चाचणीच्या आधीच्या पायरीत असते. जातवार प्रायमर समूहाच्या आतले प्रश्न सोडवण्यासाठी बनलेले असतात. समोरचा डास त्या समूहाचाच आहे, हे ते गृहीत धरतात. दुसऱ्याच समूहाचा डास गॅम्बिएच्या चाचणीत घातला तर बहुधा पट्टी येत नाही, पण कधी कधी योगायोगाने फसवी पट्टीही येते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके आणि पट्टे पाहून समूह ठरवण्याचे जुने कौशल्य डीएनएच्या काळात कालबाह्य झालेले नाही. ते जितके पक्के, तितका पुढचा निकाल विश्वासार्ह. कोरी राहिलेली खाचही ‘नमुना खराब झाला’ म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. केनियाच्या पश्चिमेकडील उंच प्रदेशात पकडलेल्या काही डासांचा डीएनए क्रम कोणत्याही ज्ञात जातीशी जुळत नसल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील काही डासांत हिवतापाचे परजीवीही होते.

अ‍ॅनोफिलीस स्टेफेन्सीच्या प्रसाराने या मुद्द्याला तातडी आणली आहे. दक्षिण आशियातील शहरांत टाक्या, हौद आणि बांधकामावरच्या साठवलेल्या पाण्यात वाढणारा हा डास २०१२ साली आफ्रिकेच्या शिंगातील जिबुती येथे आढळला. तेथील हिवतापाचे नोंदलेले रुग्ण त्या वर्षी केवळ २७ होते. २०२० साली ते ७३ हजारांवर गेले. इथिओपियात २०१६ साली पकडलेल्या नमुन्यांतील आयटीएस-२ आणि सीओ-१ या जागांचे क्रम वाचून स्टेफेन्सीची खात्री पटवण्यात आली. त्यानंतर सुदान, सोमालिया, नायजेरिया आणि केनियातूनही नोंदी आल्या. आफ्रिकेतील जुन्या ओळख-तक्त्यांत या डासाची अपेक्षाच नसल्याने तो सहज गॅम्बिए म्हणून नोंदला जाऊ शकतो, आणि गॅम्बिएविरुद्धचे उपाय त्याला लागू पडत नाहीत. गॅम्बिए पावसाळी डबक्यांत वाढतो, तर हा बारमाही पाणीसाठ्यांत.

या अनुभवातून पद्धतींचा रोख बदलत आहे. ‘हा डास या पाचांपैकी कोण?’ असे विचारण्याऐवजी डासाच्या जनुकसंचातील अनेक जागा एकदम वाचायच्या आणि तो कोणाच्या जवळ जातो ते पाहायचे, अशी ही दिशा आहे. अ‍ॅनोफिलीससाठी तयार झालेल्या अशा एका संचात डासाच्या जनुकसंचातील ६२ जागा आणि हिवतापाच्या परजीवीच्या २ जागा एकाच वेळी वाचल्या जातात. शेकडो डास एकत्र मिसळून वाचले तरी प्रत्येकाला आधी लावलेल्या सांकेतिक डीएनए खुणेमुळे निकाल पुन्हा वेगळे काढता येतात. एका जागेवर संकराचा डाग असला तरी उरलेल्या जागा साक्ष देतात. खर्च, यंत्रे आणि संगणकीय विश्लेषण यांमुळे ही पद्धत मोठ्या केंद्रांपुरती राहते. जिल्हा पातळीवर जेल आणि पीसीआर यांचेच राज्य पुढेही काही काळ चालेल असे मला वाटते, आणि ठरावीक समूहांसाठी ते पुरेसेही आहे. काही ठिकाणी जेलऐवजी प्रतिदीप्ती मोजणारी पीसीआर वापरतात, तर ६५ अंशांच्या एकाच तापमानावर चालणाऱ्या लॅम्प पद्धतीमुळे महागड्या यंत्राचीही गरज कमी होते.

अनेक जागा वाचूनही एखादा डास कोणत्याच ज्ञात जातीच्या जवळ गेला नाही, तर काम पुन्हा हातात भिंग घेतलेल्या कीटकशास्त्रज्ञाकडे येते. त्यासाठी त्या डासाचे शरीर शिल्लक असावे लागते. पाय चाचणीला गेला तरी पंख, डोके आणि छाती क्रमांक लावून जपलेली असतील, नळीवर ठिकाण, तारीख आणि डास घरात पकडला की गोठ्यात हे लिहिलेले असेल, तर त्या अनोळखी क्रमाला चेहरा, सवयी आणि कालांतराने नाव देता येते. संपूर्ण डास चिरडून डीएनए काढलेला असेल, तर हाती राहतो तो फक्त माहितीकोशातील एक निनावी क्रम, आणि तोच डास पुन्हा पकडला जाईपर्यंत थांबावे लागते.